पानांचा मुकुट

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्रास कारण तुझाच नेहमीचा प्रश्न. "चारच्या उन्हात सातव्या पानावरचा थेंब अजून तसाच दिसतो का गं?" आमच्या संग्रहालयात येणारी माणसं मुकुटासमोर पाऊण मिनिट थांबतात, त्यातलं अर्धं स्वतःचा फोटो काढण्यात जातं. आणि तू रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब बसून एका पानाची ख्यालीखुशाली विचारतेस. मामा असते तर म्हणाले असते, ही खरी सोनाराची लेक.

तर ऐक. साडेतीनला ऊन खिडकीच्या चौकटीवर येतं आणि चारला काचेच्या पेटीत उतरतं. आधी डावीकडची तीन पानं पेटतात, मग मधली, आणि सगळ्यात शेवटी सातवं. त्याच्या टोकावरचा खडा असा भरून येतो की वाटतं, आता गळणार. एकोणीस वर्षं या खोलीत बसतेय, अजून गळला नाही. मी मात्र रोज चार वाजता खुर्चीतून उठते, न जाणो आज गळला तर!

पहाऱ्यावरच्या जोडीदाराला भांड्यांच्या दालनात हलवलंय, ते लिहिलं होतं ना? आता मी एकटीच. बोलायला कुणी नाही म्हणून मुकुटाशीच बोलते. खुर्चीखाली धोक्याचं बटण आहे, समोर पाटी आहे: 'आधी माणसं, मग वस्तू.' म्हणजे काही झालं तर बटण दाबायचं आणि लोकांना बाहेर काढायचं. दर महिन्याला एक तपासनीस येतो, बटण दाबतो, खाली जातो आणि "वाजली" म्हणून सही करतो. घंटा खोलीत वाजत नाही, खाली चौकीत वाजते. चोराला कळू नये म्हणून. मी त्याला म्हणते, "अहो, एकदा मलाही ऐकवा." तो म्हणतो, "बाई, तुम्ही ऐकाल त्या दिवशी आमची नोकरी गेली."

मामांची आठवण येते. मी कानस हातात घेतली की ते डोळे मिटून घ्यायचे. "बारके, तुझा हात मुसळाचा. पण डोळा सोनाराचा आहे हो." म्हणून तू घडवणारी झालीस आणि मी बघणारी. वाटणी वाईट नाही झाली.

तुझी
बारकी


१३ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र वाचत बसले आणि भट्टीवरची मूस विसरले. सगळी चांदी करपली. "आता गळणार" हे तू लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला लिहिता येतं गं. मला नुसते दागिन्यांचे जोड झाळता येतात.

एक विचारू? अगदी जवळून बघितलंस तर त्या थेंबाच्या बुडाशी पिवळट कड दिसते का? आणि पानांच्या देठाकडे काळपट छटा? दिसली तर लगेच कळव. असंच आपलं, धंद्यातली खोड. शेजारणीच्या गळ्यातलंही मी असंच बघते, ती चिडते.

तू एकटी बसतेस ते मला पटलेलं नाही. काही बरंवाईट झालं तर धावून जाऊ नकोस. तो मुकुट आज कुणाच्याच डोक्यावर नाही. तुझं डोकं मात्र तुझ्या खांद्यावर आहे. एवढं माझं ऐक.

ताई


९ मार्च

ताई,

अक्षर बघून दचकू नकोस. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, डाव्या हाताने लिहितेय. तीन दिवस लागलेत.

पेपरात वाचलं असशील. मुकुट गेला. भर दिवसा, सकाळी दहा चाळीसला, माझ्या डोळ्यांदेखत.

आठवडाभर बाहेरून खिडक्यांची रंगरंगोटी चालू होती. वर-खाली होणारी शिडी लावलेली गाडी रोज यायची. पिवळी जाकिटं, डोक्यावर टोप. त्या दिवशीही आली, कुणाला काय कळणार? खिडकीबाहेर शिडी येऊन थांबली तेव्हा मीच काचेतून खूण केली, "सांभाळून हं!" त्यातल्या एकाने हात हलवला. तेच दोघं दोन मिनिटांनी काच कापून आत आले.

मी लगेच बटण दाबलं. ताई, दोनदा दाबलं. मग लोकांना दाराकडे काढायला लागले. खोलीत अकरा माणसं होती. त्यात काठी टेकत आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्याच. आदल्याच क्षणी मला विचारत होत्या, "ही पानं कुठल्या झाडाची हो?" त्यांचा हात धरून मी त्यांना नेत होते. दार चार पावलांवर होतं.

मागे यंत्राचा आवाज आला. पेटीच्या काचेला पातं लागलं होतं.

मी त्यांचा हात सोडला.

विचार केला नाही गं. पाटी आठवली नाही. परत धावले आणि पेटीसमोर हात पसरून उभी राहिले, दारात वासरू अडवावं तशी. एक जण म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. तुमचं काय जातंय?" मी म्हटलं, "माझंच जातंय." त्याने मला मारलं नाही. कपाट सरकवावं तसं सरकवलं. चौथऱ्याच्या कडेवर मनगट आपटलं. मग त्याने मुकुट उचलला आणि पिशवीत कोंबला. पानं वाकल्याचा, तुटल्याचा आवाज मी ऐकला. तीन पानं खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाहीत. चार मिनिटांत सगळं संपलं. चौकीतली माणसं आली तेव्हा शिडीची गाडी चौक ओलांडून गेली होती.

दाराशी पळापळीत त्या बाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी त्यांचा हात धरला असता तर त्या पडल्या नसत्या. पण मला वाटलं, माणूस पडला तर उठेल, हा मुकुट पुन्हा कोण घडवणार?

तुझ्या त्या थेंबाचं काय झालं असेल?

बारकी


१४ मार्च

माझी बारकी,

तुझं पत्र हातात धरवेना. मनगट कसं आहे? बोटं हलवत राहा, नाहीतर आखडतील. कोमट पाण्यात मीठ घालून शेकायचं, पण प्लास्टर निघाल्यावरच.

पोरी, कशाला गेलीस पुढे? मी लिहिलं नव्हतं का? एका धातूच्या वस्तूसाठी तू हात मोडून घेतलास.

आता माझं नीट ऐक. चौकशी होईल तेव्हा वाद घालू नकोस. "मी गोंधळले, काही सुचलं नाही" एवढंच म्हण. पन्नाशीच्या बाईला कुणी फाशी देत नाही. फार तर नोकरीतून मोकळं करतील. मग माझ्याकडे ये. कारखान्याच्या वरची खोली रिकामी आहे, खिडकीत ऊन येतं. तुझे मामा म्हणायचे ना, दोन बहिणींची एक चूल. म्हातारपणी तेच करू.

आणि त्या मुकुटाचं मनाला लावून घेऊ नकोस. शपथेवर सांगते, तेवढ्या लायकीचं काही गेलेलं नाही.

ताई


२५ मार्च

ताई,

तुझ्या पत्राने फार आधार वाटला. पण "गोंधळले" असं मला म्हणता येणार नाही. मी गोंधळले नव्हते.

प्रकरण वेगळंच वळण घेतंय. चौकीतले म्हणतात, घंटा वाजलीच नाही. संचालकांनी लेखी दिलंय की यंत्रणा ठणठणीत होती, म्हणजे मी बटण दाबलंच नाही. आणि दाबलं नाही म्हणजे मी चोरांना सामील! मी खिडकीतून खूण केली, हेही एकाने सांगितलं. "सांभाळून हं" हा आता इशारा झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी. जुना जोडीदार परवा जिन्यात भेटला, त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटाला नाडी नाही, ताई.

मला घरी बसवलंय. सतरा एप्रिलला सुनावणी आहे. चौकशीला बाहेरून एक बाई नेमल्यात, कमी बोलतात, पेन्सिलीने लिहितात. त्यांनी मला खाली पडलेली तीन पानं दाखवली. "तुम्ही रोज बघायचात, ओळखा." मी भिंग मागितलं. त्यांना गंमत वाटली.

आणि ताई, देठाच्या जोडामागे मला टिंब दिसलं!

आपलं टिंब. मामांनी कारखान्यात सगळ्यांना घालून दिलेली शिस्त: जोड झाळला की मागच्या बाजूला मोहरीएवढा दाणा सोडायचा. पुढेमागे कुणी दुरुस्तीला बसला तर त्याला कळावं, इथे उघड, बाकी दागिन्याला हात लावू नकोस. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात हे करत नाहीत. मला इतका आनंद झाला की चौकशीच्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी आधी तुला विचारावं म्हणून गप्प बसले.

अकरा वर्षांपूर्वी पेटी तीन आठवडे बंद होती, 'देखभालीसाठी'. तेव्हा मुकुट तुझ्याकडे आला होता का? तू दुरुस्त केलास? बोलली का नाहीस? कागदावर सह्या घेतल्या असतील, समजते मी. पण आता तू ये. तू त्या लोकांशी काम केलंयस, त्यांची यंत्रणा, त्यांची माणसं तुला ठाऊक असतील. निदान एवढं सांग की ही बाई चोर नाही, हिला मी फ्रॉकात असल्यापासून ओळखते. माझ्या बाजूने बोलणारं तुझ्याशिवाय कुणी नाही.

वाट बघते.

तुझी
बारकी


३१ मार्च

बारके,

घाईत लिहितेय. हो, दुरुस्तीला आला होता, एक-दोन पानं ढिली होती. कुणाला सांगायचं नाही अशी अट होती. तूही बोलू नकोस, टिंबाचं तर मुळीच नाही. त्याचा तुझ्या बटणाशी काय संबंध? उगाच नवे फाटे फुटतील.

मला येणं जमेल असं वाटत नाही. हातात मोठं काम आहे, भट्टी सोडता येत नाही. मी येऊन तरी काय सांगणार? तू चांगली आहेस हे सांगायला साक्षीदार लागतो का?

मी सांगितलं तसं कर. चूक झाली म्हण आणि सुटून ये. वरची खोली पांढरी करून घेतेय.

ताई


१३ एप्रिल

ताई,

तुझं छोटं पत्र मिळालं. तू मला कधी इतकं छोटं लिहिलं नव्हतंस.

काल त्या शिक्षिकाबाईंचं दुसरं ऑपरेशन झालं. पहिलं नीट बसलं नव्हतं. आज मी इस्पितळात गेले. आत जायचं धाडस होईना, परिचारिकेने हाताला धरून नेलं. वाटलं, शिव्या देतील. त्यांनी माझं प्लास्टर बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचंही मोडलं का?" मग थोड्या वेळाने, "वाचलं का काही?"

मी म्हटलं, "तीन पानं."

त्या म्हणाल्या, "मग तीन तरी वाचली." आणि भिंतीकडे तोंड केलं. रडत होत्या की दुखत होतं, कळलं नाही. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करून आले. दुसरं काय करणार?

बसमध्ये बसले आणि पानांचा विचार करू लागले. तू लिहिलंस, एक-दोन पानं ढिली होती. मी तीन पाहिली. तिन्हींना टिंब होतं. चोराच्या पिशवीतून अशी कशी नेमकी तुझीच पानं गळली?

घरी येऊन तुझी जुनी पत्रं काढली. सातव्या पानाचा प्रश्न तू कधीपासून विचारतेस ते बघितलं. अकरा वर्षांपासून. त्याआधीच्या आठ वर्षांत एकदाही नाही. आधी तू विचारायचीस, बारके, जेवतेस का वेळेवर? पेटी उघडल्यावर मी तुला लिहिलं होतं, "देखभालीनंतर थेंब आधीपेक्षा जास्त भरतो, काय जादू केली कोण जाणे." त्यानंतर तुझा प्रश्न सुरू झाला.

मला वाटायचं, तू माझ्या कामाची विचारपूस करतेस.

चार दिवसांवर सुनावणी आहे, सतरा तारखेला. मी तुला एकच विचारते, आणि उलट टपाली उत्तर हवंय. त्यातली किती पानं तू झाळलीस? दोन, की सगळी?

बारकी


१० एप्रिल

माझ्या बारके,

तू काही विचारण्याआधी मीच सांगते. मनात फार दिवस होतं.

सगळी. सगळी पानं मी झाळली. तो मुकुट माझा होता.

खऱ्याच्या देठांना भेगा पडत होत्या. उजेडात ठेवला तर वर्षा-दोन वर्षांत कोसळला असता. त्यांनी तो तळघरातल्या तिजोरीत ठेवायचं ठरवलं आणि मला आधी तसाच दुसरा करायला सांगितला. चांदीवर सोन्याचं पाणी, काचेचे थेंब. लोकांना कळलं तर रांगा लागणार नाहीत म्हणून कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. मी सही केली. बाबांच्या पश्चात कारखान्याला लागलेली उतरती कळा तुला माहीत आहे. त्या एका कामावर माझ्याकडे आजवर कामं येत राहिली.

फोटो आणि मापं समोर ठेवून सात महिने लागले; पेटी बंद होती ते फक्त शेवटचे तीन आठवडे. दुसऱ्याच्या हातातलं वळण आपल्या हातात आणायचं म्हणजे काय ते तुला डोळ्याने कळेल. सगळं हुबेहूब केलं. फक्त सातव्या पानावरचा थेंब त्या जुन्या कारागिराने जरा आखडता बसवला होता. मला राहवलं नाही. मी तो केसभर पुढे घेतला. आणि जगात एकाच माणसाला ते दिसलं, तुला.

माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम, आणि मला ते कुणाला दाखवता येत नव्हतं. तू लिहायचीस, आता गळणार, आता गळणार. मी भट्टीपाशी बसून ते वाचायचे. तुझं कौतुक मी चोरून खाल्लं, बारके. लहानपणी तुझ्या वाटची वडी खाल्ली तशी नाही, ती मागून कबूल केली होती.

आणखी एक आहे. मुकुट बसवायला मी स्वतः आले होते. तुझी सुट्टी बघूनच मला बोलावलं होतं. तुझी खुर्ची उलटी करून एक वायरमन तार काढत होता. मी विचारलं, तर संचालक म्हणाले, "घंटा खाली तिजोरीला जोडतोय. नकलीला कशाला राखण?" बटण मेलं होतं. अकरा वर्षं मेलं होतं. मला माहीत होतं.

त्या बाईंचं दुसरं ऑपरेशन झालं, तीन पानं वाचली म्हणाल्या, ते वाचून मला झोप नाही. त्यांचा हात तू माझ्या काचेच्या तुकड्यासाठी सोडलास.

हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. दाखवलंस तर कारखाना बंद होईल, मला कोर्टातही ओढतील. जाळलंस तर मी तुला जन्मभर सांभाळीन. मी माझ्याकडून उशीर केला नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझीच
ताई


२९ एप्रिल

ताई,

सुनावणी सतरालाच झाली. मला बडतर्फ केलं आणि माझे कागद पोलिसांकडे दिले. तुझं पत्र मला तेवीस तारखेला मिळालं.

आधी मी पोस्टाला दोष दिला. दहा तारखेला लिहिलेलं पत्र तेवीसला देतात म्हणजे काय, असं म्हणत पोस्टमनशी भांडायला निघाले होते. आठवडाभर आधी आलं असतं तर, निदान सुनावणीच्या आदल्या दिवशी आलं असतं तर, हेच मनात. तू वेळेत लिहिलं होतंस, एवढ्या एका गोष्टीवर मी तुला सगळं माफ करायला बसले होते. मुकुट, बटण, सगळं.

मग पुन्हा वाचलं. त्या बाईंचं दुसरं ऑपरेशन बाराला झालं. "तीन तरी वाचली" असं त्या मला तेराला म्हणाल्या, खोलीत तिसरं माणूस नव्हतं. मी ते फक्त तुला लिहिलं, त्याच दिवशी. दहा तारखेला तुला ते कसं कळलं, ताई?

पाकीट उलटून बघितलं. शिक्का वीसचा आहे.

म्हणजे माझं पत्र तुला मिळालं. मी विचारलेलं तू वाचलंस. सतरा तारीख जाऊ दिलीस, माझं काय होतंय त्याची वाट बघितलीस, आणि मग बसून कबुलीजबाब लिहिलास. त्यावर अशी तारीख घातलीस की मी जन्मभर पोस्टाला शिव्या द्याव्यात. सुरेख तारीख घातलीस. एक वळणदार, शून्य गोल. हात थरथरलेला नाही.

मुकुट नकली होता याचं मला वाईट वाटत नाही. तू विश्वास ठेव अगर नको ठेवू. अकरा वर्षं मी तुझ्या हाताचं काम जपत होते हे मला ठाऊक असतं तर खुर्ची आणखी जवळ ओढून बसले असते. आणि सातव्या पानाबद्दल मी लिहिलेलं एकही अक्षर मागे घेत नाही. खऱ्याचा थेंब असा कधी भरला नव्हता. पण हेही ठाऊक असतं, तर चार पावलं पुढे जाऊन मी त्या बाईंना दाराबाहेर सोडलं असतं. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस. त्या आता काठीवरही चालणार नाहीत, डॉक्टर म्हणाले.

आणि तू म्हणत राहिलीस, चूक झाली म्हण. वरची खोली पांढरी करतेय. मी रात्री-अपरात्री ती खोली डोळ्यांसमोर आणून झोपायचे गं. त्या खोलीत मला कोंडायचं होतं की सांभाळायचं होतं, हे बहुधा तुलाही धड ठाऊक नाही.

पत्र मी जाळलं नाही. चोवीसला चौकशीच्या बाईंकडे नेऊन दिलं. त्यांनी सगळं वाचलं, पेन्सिल खाली ठेवली. मग विचारलं,

"ही बाई तुमची कोण?"

"मामेबहीण. सख्ख्यासारखी."

"तुमच्याशी काही वैर?"

"वैर कसलं? एका ताटात जेवलोय आम्ही."

"मग यातलं सगळं खरं आहे असं तुम्ही सांगू शकता?"

मी म्हटलं, "तारीख सोडून सगळं खरं आहे."

त्यांनी दुसऱ्याच दिवशी तळघर उघडायला लावलं. खरा मुकुट तिथे आहे, कापसात. माझ्या खुर्चीखालची तारही बघितली, भिंतीत वीतभर आत जाऊन कापलेली. तो तपासनीस अकरा वर्षं न वाजलेल्या घंटेवर 'वाजली' म्हणून सही करत होता. पोलिसांकडचे कागद परत मागवलेत. संचालक आता म्हणतात, मला याची कल्पना नव्हती. भेटेल त्याला म्हणतात. जुना जोडीदार काल घरी आला, बराच वेळ बसला आणि चहा न घेताच गेला. नोकरी परत देऊ म्हणतात. अजून काही ठरवलं नाही. सध्या रोज दुपारी इस्पितळात जाते. बाई मला पानांची नावं शिकवतात. फार बोलत नाहीत, पण काल मला म्हणाल्या, "उद्या चष्मा पुसायचं फडकं आणा." म्हणजे उद्या यायला हरकत नाही असं मी धरलं.

तुला सात मेला साक्षीला बोलावतील. समन्स या आठवड्यात मिळेल. जे लिहिलंस तेच सांग, कमी नको, जास्त नको. मी समोर बसलेली असेन. तुझ्याकडे बघेन की नाही, ते आज सांगता येत नाही.

सकाळच्या गाडीने ये, ती वेळेवर असते. मी स्टेशनवर घ्यायला येणार नाही. उतरलीस की डावीकडच्या दारानेच बाहेर पड. उजवीकडचा रस्ता खणून ठेवलाय, वर फळी टाकलीय, पण ती हलते.

बारकी